मच्छराला ऐकू येतं का? (प्लगमधलं यंत्र उघडून बघितलं त्याची गोष्ट)

वाइंडिंगवाला

मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे माझं, परभणीपासून पंचवीसेक किलोमीटरवर. दिवसभर कानात मोटारींची गुणगुण असतेच, घरी आल्यावर निदान मच्छरांची तरी नको वाटते.

मागच्या भाद्रपदात धाकट्याला डेंग्यू झाला. प्लेटलेट चाळीस हजारावर आल्या, पाच दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर भिंतीच्या प्लगात लावायचं ते यंत्र आणलं. धूर नाही, वास नाही, अल्ट्रासॉनिक लहरींनी मच्छर, उंदीर, झुरळ, पाल सगळं पळतं म्हणे. साडेतीनशेला जोडी.

दीड महिना लावलं. निळा दिवा मात्र झकास लागतो. एका रात्री पाणी प्यायला उठलो तर त्याच निळ्या उजेडात यंत्राच्या डोक्यावर एक मच्छर बसलेला. मागचे दोन पाय वर करून, निवांत, पारावर बसल्यासारखा.

सकाळी स्क्रू काढले. आत एक कपॅसिटर, चार डायोड, आठ पायांची एक आयसी, निळी एलईडी आणि पिझोची पितळी चकती, गाणं म्हणणाऱ्या वाढदिवसाच्या कार्डात असते तसली. माल चाळीस रुपयांचा. बंद आहे म्हणावं तर तसंही नाही. यंत्र लावलं की आमचा मोती कान टवकारतो आणि उठून अंगणात जातो. म्हणजे आवाज निघतोय, कुत्र्याला ऐकू जातोय, मला जात नाही.

प्रश्न एवढाच की मच्छराला ऐकू येतं का? मुळात त्याला कान तरी असतो का?

हिंगोलीचा पाहुणा

कान नसता तर बरोबर आपल्या कानापाशी येऊन कशाला गाणं म्हणला असता?

उसाचा फड

आमच्या मेव्हण्याकडं तेच यंत्र आहे. एक मच्छर नाही घरात. तुम्हाला डुप्लिकेट लागलं असंल.

वाइंडिंगवाला

मेव्हण्याच्या खिडक्यांना जाळी आहे का?

उसाचा फड

हाव. आहे की.

गोदाकाठ

नांदेडला प्राणिशास्त्र शिकवते, म्हणून जरा लांबण लावते.

दादा, कान असतो. फक्त तो मिशांच्या बुडाशी असतो. मेलेला मच्छर पांढऱ्या कागदावर घ्या आणि भिंगातून बघा. नराच्या मिशा पिसासारख्या झुबकेदार, मादीच्या विरळ. दोघांच्याही मिशीच्या बुडाशी एक गोल गाठ दिसेल, बुंदीच्या दाण्यासारखी. त्या गाठीच्या आत ऐकायचं सगळं सामान भरलेलं असतं. बाल्टिमोरचे डॉक्टर क्रिस्टोफर जॉन्स्टन यांनी १८५५ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला जॉन्स्टनचा अवयव म्हणतात. नराच्या एका गाठीत सुमारे १५,००० चेतापेशी असतात, मादीत त्याच्या निम्म्या. माणसाच्या एका कानातल्या केसपेशीसुद्धा साधारण पंधरा हजारच आहेत. एवढ्याशा जिवाला एवढा कान!

आता फरक बघा. आपल्या कानाला पडदा आहे, तो हवेच्या दाबानं हलतो. मच्छराला पडदाच नाही. आवाजानं हवेचे कण मागंपुढं सरकतात, त्यांच्याबरोबर मिशी डुलते आणि ते डुलणं गाठीतल्या पेशींना कळतं. म्हणून त्याचं ऐकणं जवळचं आणि खालच्या सुरांचं. डेंग्यूच्या एडिस इजिप्ती मादीचे पंख सेकंदाला साधारण ४०० ते ५०० वेळा हलतात, नराचे ६०० च्याही वर. मच्छराचा कान या पट्ट्यासाठी घडलाय. तुमचं यंत्र २०,००० च्या वर ओरडतं. मोतीला त्रास होतो तो खरा, मच्छराच्या मिशीला त्याचं काही नाही.

यावर चाचण्याही झाल्यात. कॉक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. तिचा आढावा आहे, २००७ चा. वेगवेगळ्या ठिकाणी प्रत्यक्ष माणसं बसवून, यंत्र चालू ठेवून आणि बंद ठेवून, अंगावर किती मच्छर बसतात ते मोजलेल्या दहा चाचण्या त्यात तपासल्या. एकाही चाचणीत यंत्राचा उपयोग दिसला नाही.

उसाचा फड

पण मॅडम, खोक्यावर लिहिलंय की ते नराचा आवाज काढतं आणि गाभण मादी नराला टाळते म्हणून पळते.

गोदाकाठ

एडिसची मादी बहुधा आयुष्यात एकदाच मीलन करते आणि ते बीज जन्मभर साठवून वापरते, तेवढं खरं आहे. पण नराचा आवाज काढायचा तर ६००-७०० चा काढावा लागेल. तो आपल्याला ऐकू येतो. रात्रभर घरात तसला सूर वाजत राहिला तर मादी राहील, तुम्ही घर सोडून जाल. आणि रक्ताला भुकेलेली मादी तुमचा श्वास, ऊब, घामाचा वास यांच्या मागावर असते. तिला त्या वेळी नराशी देणंघेणं नसतं.

(कानापाशीच का येतो, त्याचं उत्तरही यातच आहे. श्वासाच्या मागावर ती डोक्याभोवती फिरते. पायापाशीही फिरत असते, पण तो आवाज इतका बारीक की तिथून आपल्याला ऐकू येत नाही.)

पुण्यात पण लातूरचा

मॅडम, 'जवळचं ऐकणं' यावर एक दुरुस्ती. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लोकांनी दाखवलं की एडिसच्या मज्जातंतूंना दहा मीटरवरचा आवाजही कळतो. माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यातला.

गोदाकाठ

बरोबर. मी शिकले तेव्हा वीतभर अंतर शिकवायचे. पण दहा मीटरवरून कळलं म्हणून तो तिकडं उडत जातो असं नाही. नर मादीच्या आवाजाला झेप घेतो ते हाताच्या अंतरातच.

वाइंडिंगवाला

मॅडमची पोस्ट वाचून रात्री शोधत बसलो आणि आमच्या धंद्यातलाच माणूस सापडला!

हिरम मॅक्सिम, मशिनगनवाला. बंदुकीच्या आधी तो विजेचे दिवे बसवायची कामं करायचा. १८७८ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या साराटोगा स्प्रिंग्जच्या एका मोठ्या हॉटेलात त्यानं दिवे लावले. त्यातल्या एका यंत्रातून सारखा एक सूर निघायचा आणि त्या डब्यावर संध्याकाळी मच्छरच मच्छर. त्यानं जवळून बघितलं तर सगळे झुबकेदार मिशांचे, म्हणजे नर. माद्यांचा तिथं पत्ता नाही. यंत्र सुरू झालं की आजूबाजूचे सगळे नर तोंड त्या बाजूला वळवायचे. तो म्हणाला, हा सूर मादीच्या गुणगुणीसारखा आहे म्हणून हे येतायत. शास्त्रज्ञांनी दखल घेतली नाही. शेवटी १९०१ साली त्यानं लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून ते छापून आणलं.

अरे, माझ्या दुकानात रोज दहा मोटारी घुमतात आणि मी कधी वाकून बघितलं नाही! तसं आपल्या लाइटीचं हमिंग १०० चं, पन्नासची दुप्पट. मच्छराच्या कामाचं नाही. पण पंखा लागलेली मोटार स्पीडला आली की तिचा सूर चांगला चढतो. आता बघणार.

हिंगोलीचा पाहुणा

मालक, गिऱ्हाइकाची मोटार आधी द्या. मच्छर नंतर बघा.

पेटीमास्तर

अंबाजोगाईहून. भजनात पेटी वाजवतो. मॅडमचे आकडे पेटीवर मांडून बघितले. मधल्या सप्तकात पांढरी पाच (म्हणजे डावीकडून पाचवी पांढरी पट्टी) सेकंदाला ३९२ कंपनं, पांढरी सहा ४४०, पांढरी सात ४९४. म्हणजे एडिसची मादी पांढरी पाच ते पांढरी सातच्या मधी गाते. बायका काळी चार, काळी पाचला गातात तसंच हे.

नर तिच्यापेक्षा चार-पाच सूर वर. मग त्याला स्वतःच्याच पंखांच्या गोंगाटात मादी ऐकू येते कशी? शेजारी झांजा चालू असल्या की मला माझीच पेटी ऐकू येत नाही.

गोदाकाठ

मास्तर, हा प्रश्न लाख मोलाचा. उत्तर तुम्ही रोज वापरता. पेटीचे दोन सूर थोडे बेसूर लागले की त्यातून एक तिसरीच 'वँव-वँव' लाट ऐकू येते ना? तानपुरा जुळवताना आपण ती लाट हळू करत करत बंद करतो. नर मच्छर ती लाट जुळवत नाही, तो तीच ऐकतो. त्याच्या पंखांचा ६५० चा सूर आणि तिचा ४५०, दोन्हीनं त्याची मिशी एकदम हलते आणि त्या हलण्यात वजाबाकीचा, २०० च्या आसपासचा एक नवा सूर तयार होतो. त्याच्या कानातल्या पेशी या खालच्याच सुराला तल्लख असतात. म्हणजे स्वतः उडत असल्याशिवाय त्याला मादी नीट ऐकूच येत नाही. गोंगाट काढून टाका, तो अर्धा बहिरा.

आणखी एक गंमत. २००९ मध्ये कॉर्नेलच्याच लोकांना दिसलं की नर-मादी जवळ आले की दोघंही पंखांचा वेग थोडा बदलतात आणि दोघांचे वरचे उपस्वर १२०० च्या जवळ येऊन जुळतात. मादीची दुसरी पट आणि नराची... नाही, सरळ सांगते: तिचे ४०० तिप्पट केले की १२००, त्याचे ६०० दुप्पट केले की १२००. जुगलबंदी म्हणा.

पेटीमास्तर

मॅडम, नमस्कार घ्या. तीस वर्षं पेटी वाजवतोय, मच्छराला सूर कळतो हे आज कळलं. आमच्या टाळकऱ्याला नाही कळत.

बापू जालना

हे सगळं ठीक. उपयोग काय त्याचा?

पुण्यात पण लातूरचा

बापू, आहे उपयोग. १९४९ साली क्यूबातल्या दलदलीत मादीचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून मच्छर पकडायचा प्रयोग झाला होता. आता ऑस्ट्रेलियात केर्न्सकडं सापळे आहेत. काळं भांडं, आत एक बारका स्पीकर, मादीचा सूर वाजवतो, नर आत. नर पकडून चावणं कमी होत नाही, कारण नर चावतच नाही. पण जिथं मुद्दाम नापीक केलेले नर सोडतात तिथं ते किती जगले, कुठवर पोचले हे मोजायला असे सापळे लागतात.

दुसरं म्हणजे मोजदाद. स्टॅनफर्डचे मनू प्रकाश, आपल्या मेरठचे, त्यांच्या टीमनं २०१७ मध्ये दाखवलं की साध्या, जुन्या, झाकणवाल्या फोनच्या माइकनंसुद्धा गुणगुण टिपून मच्छराची जात ओळखता येते. कुठल्या गल्लीत कुठला मच्छर, त्याचा नकाशा.

गोदाकाठ

आणि २०२४ चं काम तर फारच रोचक. कॅलिफोर्नियातल्या सँटा बार्बरा विद्यापीठात क्रेग मोंटेल यांच्या प्रयोगशाळेनं एडिसमधलं ट्रिप-व्ही-ए नावाचं एक जनुक बंद केलं. त्यानं मच्छर ठार बहिरे झाले. बहिरे नर माद्यांबरोबर एकाच पिंजऱ्यात दिवसच्या दिवस ठेवले, मीलन शून्य. बहिऱ्या माद्यांचं मात्र फारसं अडलं नाही, ऐकणाऱ्या नरांनी त्यांना शोधलंच. ऐकण्याची गरज त्याला.

हिंगोलीचा पाहुणा

आमच्याकडं उलटं आहे. लग्नानंतर बहिरा होतो.

बापू जालना

म्हणजे औषध फवारून नर बहिरे करता येतील का?

गोदाकाठ

तुम्ही गोचिडासाठी जनावरांना काय लावता?

बापू जालना

अमिट्राझ. पाण्यात कालवून ब्रशनं. का?

गोदाकाठ

मलेरियाच्या अ‍ॅनोफेलिस नराच्या मिशांवरचे केस दिवसभर मिटलेले असतात. संध्याकाळी थव्याची वेळ झाली की ते ताठ उभे राहतात आणि कान तयार होतो. हे उभं करायचं काम ऑक्टोपामिन नावाचं रसायन करतं. गोचिडावर अमिट्राझ चालतं ते याच ऑक्टोपामिनच्या कुलपात किल्लीसारखं बसतं म्हणून. २०२३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी दाखवलं की त्यानं मच्छराचं ऐकणंही बिघडतं. पण हे प्रयोगशाळेतलं काम. बापू, कृपा करून घरात फवारू नका. अमिट्राझ माणसाच्या पोटात गेलं तर गुंगी येते, नाडी मंदावते.

बापू जालना

नाही हो मॅडम. गोठ्याच्या बाहेर नेत नाही मी ते. पण म्हणजे म्हशीवरचं औषध मच्छराच्या कानात जातं, हे भारीच.

घरोघरी

आरोग्यसेवक आहे, बीड जिल्ह्यात. इतका वेळ वाचत होतो. आता रागानं लिहायलोय असं वाटलं तर माफ करा.

मी रोज पन्नास घरं करतो. बॅटरी घेऊन रांजण, ड्रम, हौद, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर. एका घरात निळा दिवा लागलेला, तुमच्यासारखाच, आणि त्याच भिंतीच्या पलीकडं दोनशे लिटरचा ड्रम. बॅटरी मारली तर अळ्यांची वळवळ नुसती. ड्रमवर टिचकी मारली की सगळे एकदम खाली बुडी मारतात, मिनिटभरात परत वर. ऐकणंबिकणं बघायचं तर ते बघा.

आपल्याकडं मच्छर का होतो? नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं म्हणून. लोक भरून ठेवणारच, त्यात त्यांचा काय दोष? २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात जे ड्रम घरात आले ते आजही आहेत. आणि एडिसचं अंडं ते उडता मच्छर, आपल्या उन्हात सात ते दहा दिवस. म्हणजे नळाची पाळी आणि मच्छराची पाळी जुळलेलीच. मास्तर, खरी जुगलबंदी ही.

लोक ड्रम रिकामा करतात, घासत नाहीत. अंडी पाण्याच्या रेषेवर काठाला चिकटलेली, खसखशीसारखी काळी. कोरडी राहूनही महिनोनमहिने जगतात, पाणी लागलं की फुटतात. काथ्यानं घासून मग उन्हात पालथा, तर कोरडा दिवस पाळला म्हणायचं. हौद मोठा असंल, रिकामा होत नसंल तर गप्पी मासे सोडा, आमच्या केंद्रात फुकट मिळतात. धूरफवारणी मागायला सगळे येतात, कारण ती दिसते. तिनं उडते मच्छर मरतात, ड्रममधल्याला काही होत नाही.

उसाचा फड

सर, पण गटाराचं काय? आमच्या गल्लीत नालीच मोठी.

घरोघरी

नालीत क्युलेक्स. रात्री चावतो तो. त्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी बघून या. घरटी शोषखड्डे करून नाल्याच बंद केल्या, डासमुक्त गाव म्हणून नाव झालं त्याचं.

पुण्यात पण लातूरचा

पाण्यात अल्ट्रासाऊंड सोडून अळ्या मारायची यंत्रं असतात हे खरं का?

गोदाकाठ

खरं आहे. अळीच्या अंगात हवेच्या नळ्या असतात, ठराविक लहरींनी त्या थरथरून फाटतात. पण ती ताकदवान यंत्रं, पाण्यात बुडवून, एकेका साठ्यात फिरवावी लागतात. चाळीस रुपयांच्या पिझोचं काम नाही. आणि ड्रमपर्यंत यंत्र न्यायचंच तर काथ्या काय वाईट?

वाइंडिंगवाला

चार दिवस गायब होतो, कारण सांगतो.

भजनी मंडळाची पेटी मागून आणली. आमच्या घरामागं नाली आहे, तिच्यावर दिवस मावळताना मच्छरांचा घोळका नाचतो, कमरेएवढ्या उंचीवर, एका लिंबाच्या फांदीच्या खालोखाल. रोज तिथंच. मॅडमना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या हा क्युलेक्सच्या नरांचा थवा.

पेटी नालीच्या कट्ट्यावर ठेवली. आमच्या बारक्याला भाता धरायला बसवलं. पावणेसहा वाजलेले. काळी एक दाबली, काही नाही. पांढरी तीन, काही नाही. पांढरी चार दाबली तर घोळका हलल्यासारखा वाटला, म्हणलं वारं असंल. पांढरी पाच दाबली आणि अख्खा थवा हातभर खाली आला. सूर सोडला, वर गेला. परत दाबली, परत खाली. सात-आठ वेळा केलं. तीन-चार जण तर सुराच्या भोकापाशी, जाळीवर येऊन बसले. बारका भाता सोडून ओरडला, "पप्पा, तुमच्या हाताला नाही चावायलेत!" कसे चावतील, सगळे नर.

पांढरी सातच्या वर गेलो तर परत काही नाही. सव्वासहाला अंधार पडला, थवा मोडला, मग कुठलाही सूर वाजवा.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पंढरीची वारी झाली की आता मच्छरांचं कीर्तन.

पेटीमास्तर

अहो, पांढरी पाच! आणि तुमची पेटी जुन्या ट्यूनिंगची असंल तर दोन-तीन सूत खालीवर धरा. हवा गार होती का? गारठ्यात त्यांचा सूर उतरत असंल.

गोदाकाठ

मास्तर, अगदी बरोबर. पंखांचा वेग उन्हाबरोबर चढतो. वैशाखात परत वाजवा, चावी वर सरकलेली दिसेल. दादा, तारीख, वेळ आणि तापमान वहीत लिहून ठेवा. पोरांना प्रकल्पाला देते मी हे.

घरोघरी

वाइंडिंगवाले दादा, सगळं वाचलं, मजा आली. एक विचारू? पेटी ठेवली त्या कट्ट्याच्या मागं फोटोत निळा ड्रम दिसतोय. पाणी कधीचं आहे त्यात?

वाइंडिंगवाला

दिवाळीच्या आधीचं. तुमची पोस्ट वाचून काल टिचकी मारून बघितली. बुडाले सगळे.

पालथा घातलाय. काथ्या मारून काठ घासला, खसखस निघाली तशीच. झाकण दोन बोटं मोठं आणलं गेलं, ते बदलायला चाललोय. पेटी उद्या एकादशीला परत द्यायचीय, जाळीवर दोन मच्छर अडकलेत ते आधी काढतो.